लॅपटॉपची पूजा

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की माझं डोकं आजही सणकतं. त्या वर्षी मुरूम गावच्या घरी आईनं विळी, कुदळ, शिलाई मशीन यांच्या रांगेत माझा लॅपटॉपही मांडला, हळद-कुंकू लावलं आणि वर मूठभर लाल अक्षता टाकल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. लॅपटॉपवर लिनक्स ही सिस्टीम मी स्वतः टाकलेली, त्याची मिजास वेगळीच. मुलाखत सुरू झाली आणि समोरचे साहेब नुसते ओठ हलवू लागले. माझाही आवाज त्यांना जाईना. सेटिंगमध्ये बघावं तर 'हेडफोन जोडलेला आहे'. अरे, कुठला हेडफोन? माईक बदलला, कमांडवर कमांड मारल्या, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, तरी तो नसलेला हेडफोन काही निघेना! दारातून आई म्हणाली, "एवढी पूजा केली म्या, तरी बोलंना व्हय?" शेवटी मोबाईलच्या उजेडात हेडफोनच्या भोकात बघितलं, तर तांदळाचा लाल दाणा आत रुतून बसलेला. त्यालाच लॅपटॉप हेडफोन समजत होता. सुईनं तो काढल्याबरोबर आवाज खणखणीत आला, पण ऐकायला समोर कुणीच उरलं नव्हतं. मी दाणा भिरकावणार, तोच आई म्हणाली, "देवाचा हाय, फेकू नगं." आता पूजेआधी मी लॅपटॉपच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावतो; आई कुंकवाचं बोट नेमकं त्या पट्टीवरच टेकवते.