तिची शिक्षा

हिंदी मुलखातल्या खकनारच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. बारावीतली मुलगी, मांडीवर इतिहासाचं हिंदी पुस्तक. पाठ करताना एखादा राजा विसरला की स्वतःचाच कान पिळायची. मी बुजरी, नुसती बघायची.

परवा तिच्याकडे पुस्तक नव्हतं, हातांवर मेंदी होती. मी पहिल्यांदाच बोलले, "आज पाठांतर नाही?"

"माझी शिक्षा संपली, मावशी."

मी मराठीतली शिक्षा समजले, छडीची. "बरं झालं, सुटलीस बाई!"

ती हसली. "हिंदीत शिक्षा म्हंजे पढाई, मावशी. लग्न ठरलं माझं. घरचे परीक्षेला बसू नाही देऊन राहिले. तुमची मराठीवाली शिक्षा आता लागेल."

 मला चौथीनंतर शाळेतून काढलं, तेव्हा मीही सुटल्यासारखी नाचले होते.