आपण आशाळभूत राहा

फादर योसेफजींना साठ वर्षं पूर्ण झाली, गौरवाच्या पुस्तकासाठी आपणही चार ओळी लिहा, असा निरोप आला. मी म्हटलं, अहो, माझी मराठी तिसरी झालेली, मला कॅथलिक धर्मशास्त्रातलं काय कळणार! पण त्यांच्या एका शब्दाची मी साक्षीदार आहे, तेवढं लिहिते.

नुकतीच संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं. आमचे हे संस्थानच्या नोकरीतून निवृत्त होऊन तुकोगंजात घरी बसले होते. परदेशातले हे उंच फादरजी सायकलवरून त्यांच्याकडे मराठी शिकायला येऊ लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वैनी, जरा देखके हं, बाटवतील!" कसले बाटवतात! देवघराकडे पाठ नको म्हणून ते स्वतःची खुर्ची वळवून घेत. माझी शेव तेवढी बाटवली, बशीत कण उरू देत नसत.

फादरजी आशेवर लिहितात. मला त्यांनी समजावलं होतं, "वहिनी, आमच्या जुन्या पोथ्या आशा म्हणजे मेल्यानंतरचं सुख म्हणत. आता आमचे नवे पंडित म्हणतात, माणसाच्या रोजच्या जगण्यात बघा, देव तिथं बोलतो." म्हणून ते महूच्या बाजारात बसत, बेटम्याला शेतकऱ्यांकडे जात, आणि विचारत, तुम्ही वाट कशी बघता?

आमच्या घरी तेव्हा वाट बघायचीसुद्धा चोरी होती. सूनबाईंची, शालिनीची, पहिली दोन बाळं हाती लागली नाहीत. दुसऱ्या वेळेस जो तो येऊन "देवाची मर्जी" म्हणून गेला. फादरजी नुसते ओटल्यावर बसून राहिले. नंतर म्हणाले, "आधी रडू द्यावं. आशा मागून येते, तिला घाई नसते."

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात कुणी बाळाचं नाव काढीना. झबल्याचं कापड मी ट्रंकेच्या तळाशी दडवलं. शालिनी हसणं विसरली होती. अशात एक दिवस फादरजी तिला हात जोडून, मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, आपण आशाळभूत राहा. मीही आशाळभूत आहे."

ह्यांचा चहा नाकात गेला.

"अहो फादरजी," मी म्हटलं, "आशाळभूत म्हणजे दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून बसणारा! दुधापाशी मांजर बसतं ना, तसा!"

"पण त्यात आशा आहे ना?"

"आहे, अन् भूतही आहे!"

दाराआडून शालिनी खुदकन हसली. किती महिन्यांनी! फादरजीही हसले, पण शब्द काही सोडीनात. "मांजर उठून का जात नाही, वहिनी?"

"जाईल कशाला? भूक लागलीय, अन् घरची बाई ओळखीची आहे."

फादरजी हळूच म्हणाले, "मग माझा शब्द चुकला नाही. आशा म्हणजे ऐटीत बसणं नव्हे. भूक आहे, आणि घरचा धनी ओळखीचा आहे. देईलच असं नाही, तरी उठून जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शालिनीने विचारलं, "आई, झबल्याचं कापड कुठंय?" मी म्हटलं, बाळ यायच्या आधी कुणी शिवतं का? ती म्हणाली, "दोनदा चोरून वाट बघितली. आता नाही. जे होईल ते होईल, पण ह्याची वाट मी उघड बघणार." कापड काढून दिलं. तिने तिथंच सुई ओवली.

मुलगी झाली, ठणठणीत! झबल्याची एक बाही आखूड झालेली, तरी बारशाला तेच घातलं. बायका म्हणाल्या, दृष्ट नको, 'दगडी' असं नाव ठेवा. शालिनीने मंगल ठेवलं. आता ही मंगल फादरजींची सायकल वाजली की धावते अन् त्यांच्या पेपरमिंटच्या खिशाकडे टक लावून उभी राहते. फादरजी म्हणतात, "या गुरुजी, वाट कशी बघायची ते शिकवा!"

असे आमचे फादरजी. मोठाले ग्रंथ वाचले, पण माणसाजवळ येताना ते बाहेर सायकलवरच ठेवून आले. त्यांनी शंभरी गाठावी, गुडघे धड राहावेत, मंगलच्या लग्नात अक्षता त्यांच्या हातच्या पडाव्यात. सगळं मिळेलच असं नाही, ठाऊक आहे. पण मी देवापुढे बसलेय मांजरासारखी. धनी ओळखीचा आहे.