काकांच्या बंदुकीचं सेफ्टी बटण

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काकांना ओळखत नाही — बहुधा तेवढं एकच कारण असावं.

मी इंग्लंडात, मिल्टन कीन्सला राहतो, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी शूटिंग क्लबला जातो. पुण्याच्या माणसाला हे वेड कुठून लागलं, असं सगळेच विचारतात. खरं तर नेमबाजीत मी बेताचाच. मला वेड दस्त्यांचं, म्हणजे खांद्याला टेकवून धरायच्या बंदुकीच्या मागच्या भागाचं. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा सरळ दस्ता काढायचा, पिस्तुलासारखी मूठ असलेला बसवायचा, आणि ती मूठ त्या माणसाच्या हातात नीट बसेपर्यंत घासत राहायचं. लायसन्स असलं आणि बंदुकीची लांबी कमी होत नसली, तर इथे यात बेकायदेशीर काही नाही. क्लबात माझ्या हाताचं नाव होतं. त्या नावाला मी फार जपायचो, हे आधीच सांगून टाकतो.

जोगळेकर काका क्लबातले दुसरे मराठी. सत्तरी ओलांडलेले, एकटे, आयुष्यभर कारखान्यात मापं तपासलेला माणूस. मनगट दुखायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे तशी मूठ मागितली. एका शनिवारी बंदूक घेऊन आले आणि गॅरेजमध्ये खुर्ची टाकून, चकल्या खात, माझं काम बघत बसले. मूठ बसवून झाली. उघडलंच आहे तर म्हणून मी आतला ट्रिगरचा भाग साफ केला, सेफ्टीचं बटण — एका बाजूनं दाबलं की ट्रिगर अडतो, दुसऱ्या बाजूनं दाबलं की सुटतो — काढून पुसलं, परत बसवलं.

मी डावखुरा आहे. माझ्या बंदुकांची बटणं मी उलटी बसवतो — उजव्या हाताच्या माणसाला जी बाजू ‘बंद’, ती माझ्याकडे ‘चालू’. काकांचं बटणही तसंच बसलं. सवयीनं. इथपर्यंत ती नुसती चूक होती, नाही का?

दुसऱ्या दिवशी सामना होता. काकांनी काडतुसं भरली, बटण दाबलं — इतकी वर्षं ‘बंद’ करायला दाबत आले त्याच बाजूला — आणि नव्या मुठीवर हात सरकवताना बोट ट्रिगरला लागलं. बार सामन्यावर देखरेख करणाऱ्या मार्शलच्या बुटापासून हातभर अंतरावर चिखलात घुसला. कुणाला लागलं नाही. काकांना तिथल्या तिथे बाद केलं. बोट तिथे जायलाच नको होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. बंदूक रिकामी करून मार्शलनं ती पिशवीत भरायला माझ्याकडे दिली, तेव्हा मला ते उलटं बसलेलं बटण दिसलं. बोलायला एक मिनिट पुरलं असतं. माझ्याकडून मुठी बसवून घेतलेली सहा माणसं आजूबाजूला उभी होती. मी पिशवीची चेन ओढली.

परतताना गाडी मी चालवत होतो. काका शेजारी बसले होते. ते म्हणाले, “मी बटण दाबलं होतं रे. मला स्पष्ट आठवतंय.”

“होतं असं या वयात, काका,” मी म्हणालो. “आपल्याला वाटतं, आपण केलं.”

हे मी म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं — तरी म्हणालो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. त्यांच्या घरी, ते चहा टाकत असताना, साफ करतो म्हणून बंदूक उघडली आणि बटण सरळ करून ठेवलं. चहा घेऊन आल्यावर त्यांनी चष्मा लावला, बटण तीनदा दाबून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला. चहाही प्यायलो.

आठवड्याभरात त्यांनी बंदुकीचं लायसन्स पोलिसांना परत केलं. मग गाडी चालवणं सोडलं — आणि आमच्या गावात गाडी नाही म्हणजे माणूस घरात कोंडलाच. मग नातीला शाळेतून आणणंही. मुलीनं मेमरी क्लिनिकला नेलं. काही निघालं नाही. तिचा मला फोन आला. “तुम्ही सांगा ना बाबांना. डॉक्टर म्हणते everything's normal, पण ते बिलीव्हच नाही करत.” सांगतो म्हणालो. काय सांगणार होतो मी?

त्या वर्षी माझा सिटिझनशिपचा अर्ज चालू होता. उगाच भानगड नको, असं मी मनाशी म्हणायचो. पुढे पासपोर्ट हातात आला — तरी बोललो नाही. माझ्या हातून असली चूक होते हे कुणाला कळायला नको होतं. बस, एवढंच.

आता ते मुलीकडे, लंडनमधल्या पिनरला असतात. मागच्या महिन्यात भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी मला दाराशी थांबवलं आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “जरा गॅस बघून येतोस? मी बंद केलाय असं वाटतंय, पण माझ्या वाटण्याचं काही खरं नाही. तू बघितलंस की बरं वाटतं.”

मी आत जाऊन बघितलं. शेगडी त्यांनी नीट बंद केली होती. “बंद आहे काका,” एवढं म्हणालो आणि बूट घातले.