आप्पांची बिननावाची सही

"नाव कशाला पायजे रं? लक्ष्मी धन्याची. आपण नुसतं बघणार!" हिशेब तपासून झाला की निपाणीचे आप्पा असं म्हणत, वहीला कपाळ टेकवत आणि खाली मोडीत लिहीत, ‘श्री. तपासले, बरोबर.’ दुसऱ्याच्या लक्ष्मीखाली आपलं नाव टाकणं म्हणजे तिच्यावर हक्क सांगणं, अशी त्यांची समजूत. सगळ्या पेठेचीही तीच होती.

तंबाखूच्या पेठेत ते येताना दिसले की मुनीम पान थुंकून सरळ बसत. "वळख नको सांगू, पावती दाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी इंग्रजी शाळेतला मास्तर, पण माझ्या भाजीच्या पिशवीचीसुद्धा ते उलटतपासणी घेत. तुम्हीही त्यांना पाहून गल्ली बदलली असती.

मग सरकारचा नवा नियम आला. कंपनीचे हिशेब तपासायला सर्टिफिकेट हवं. त्यासाठी परीक्षा द्या, नाहीतर जुन्या कामाचा पुरावा दाखवा. आप्पा खुशीत माझ्याकडे आले.

"मास्तर, विंग्रजीत अर्ज लिवा. जन्मभर दुसरं क्येलंय काय?"

बेळगावच्या कचेरीत साहेबानं जुने ताळेबंद चाळले आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठं आहे?"

आप्पा तसेच तंबाखू कंपनीच्या शेठजींकडे धावले. तुमचे ताळेबंद मीच तपासत आलो असा एक लेखी दाखला द्या, एवढंच मागणं. पण शेठजींनी मुंबईचा सर्टिफिकेटवाला आधीच ठरवला होता. "आगोदिल्ला, आप्पा," ते म्हणाले. शेठजी कानडीत नाही म्हणाले की बोलणं संपलं, हे पेठेला ठाऊक होतं.

आप्पांचं पोट त्याच कामावर होतं. घाबऱ्या घाबऱ्या त्यांनी जुन्या ताळेबंदांवर आपल्या नावाच्या सह्या केल्या आणि मला दाखवायला आणल्या.

"आप्पा, हे नेऊ नका. साहेब खोटेपणा म्हणेल."

"खोटं काय त्यात? काम माझंच न्हवं? मग सही बी माझीच!"

साहेबानं ताजी शाई लगेच ओळखली. अर्ज फेटाळला, वर बनावट कागदांचा शेरा मारला. ही बातमी आप्पांच्या आधी निपाणीत पोचली. ज्यांना कसल्याच सर्टिफिकेटची गरज नव्हती, त्या किराणा दुकानदारांनीही त्यांना वह्या दाखवणं बंद केलं. शेठजींनी तर तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

आप्पा माझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. "मास्तर, मी चोर ठरलो व्हय?" मी नाही नाही म्हणत राहिलो, पण माझ्या म्हणण्यानं काय होणार होतं?

शेवटी ते येळ्ळूरला लेकीकडे कायमचे निघाले. त्यांची ट्रंक मी उचलली होती. मोटारस्टँडला जवळचा रस्ता सोडून ते मुद्दाम पेठेतून चालले. भर दुपारची वेळ, सगळी दुकानं उघडी. आप्पा प्रत्येक दुकानापुढं पावलं हळू टाकत होते. हिशेबाला नाही, निदान चहाला तरी कुणी हाक मारील म्हणून. पेठ संपली, तरी कुणी मान वर केली नाही.