थोरलीचा पहिला नंबर

विकीवर लिहायला धाकट्या जावेला मीच शिकवलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

विकी म्हणजे इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, सगळं फुकटचं काम. लिहिणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून तिथं दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा तक्ता लागतो, कुणी किती संपादनं केली त्याचा. मी शहरात, विश्रामबागेतल्या घरी बसून इस्लामपूरकडच्या गावांवर लिहायची आणि तक्त्यात पहिली यायची. गावी सासरे आल्यागेल्याला मोबाईल दाखवायचे, "ही आमची थोरली." तेवढ्यासाठी तर माझा सगळा आटापिटा, खोटं कशाला बोलू?

आणि एका महिन्यात पहिली कोण? धाकटी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बघितलं तर लेख दोनच. पण ती राहते कोयनानगरला, तिथं रेंज घटकेत येते, घटकेत जाते. लिहिलेलं उडू नये म्हणून बाई ओळी-ओळीला 'जतन करा' दाबायची, आणि तक्ता मोजतो ते दाबणंच. मी अख्खा लेख लिहून एकदा दाबणार. माझं एक, तिची ढीगभर!

जत्रेला सासरे पाहुण्यांना म्हणाले, "धाकटीनं थोरलीला मागं टाकलं बघा." माझी भाकरी तव्यावरच करपली.

मग मीही लागले. स्वल्पविराम टाक, दाब. जागा सोड, दाब. आमच्या गावावर लेख लिहीन असं सासऱ्यांना कबूल केलं होतं, तो राहिला बाजूला. महिना संपला आणि मी पहिली!

फोन आला तो तिचाच. "आक्का, तुमी पैल्या की वो! लय भारी वाटलं बगा."

"तू कुठं दिसली नाहीस गं?" मी साखर पेरत विचारलं.

"माझं एकच झालं. हिकडं आता वायरीचं नेट आलंय, समदं एका दमात जतन होतंय. आपल्या गावाचा लेख लिवला. तुमी कामात, म्हटलं आपुनच लिवावा."

लेख उघडला. तालीम, जुनी विहीर, पलटणीत माणसं गेलेली घरं, सगळं जिथल्या तिथं. बोट ठेवायला जागा नाही मेली! जळफळत सासऱ्यांना फोन लावला.

"मामंजी, मी पहिली आले."

"व्हय, कळलं," ते म्हणाले. "मागनं बोलू. गावाचा लेख वाचतोय."