पाटापलीकडचं तुलनेचं गाव

किस्से जमवायला मी कुठं जात नाही. गावात मूल्यमापन आलं की ते आपोआप साचतात, गाडी गेल्यावर मागं धूळ राहते तसे.

बेलापूरच्या अलीकडं आमचं गाव. एका संस्थेनं इथं कार्यक्रम काढला: माणसांचं बीपी, शुगर तपासायचं आणि घरातली मारहाण थांबवायची. चालवतो आम्ही गावातल्याच बाया. पुढारी मी. मला कुणी निवडलं नाही, लहानपणी शाळेतही कुणी घातलं नाही. दोन्ही कामं माझी मीच उरकली. संस्थेनं एक खोली भाड्यानं घेतलीय, कडी आतून. मार खाल्लेली बाई रात्री तिथं निजते. ही खोली राहणार की जाणार, हे पुण्याहून येणारे मूल्यमापनवाले साहेब ठरवणार. साहेब माणूस चांगला. फक्त त्यांना प्रश्न फार पडतात, आणि ते भलत्यालाच विचारतात.

* * *

पहिल्याच घरी साहेबांनी नवराबायकोला शेजारी शेजारी बसवलं आणि बायकोला विचारलं, घरात मारहाण होते का?

नवरा म्हणाला, "न्हाई हो. आमच्यात तसलं काय न्हाई. व्हय ना गं?"

बायकोनं मान हलवली. साहेबांनी टॅबवर बोट टेकवलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

मी म्हटलं, "साहेब, नवऱ्याची मुलाखत झाली. आता बायकोची कधी घेताय?"

* * *

पुढच्या खेपेला साहेब शहाणे होऊन आले. बायांना एकेकटं गाठायचं आणि एक ते पाच आकड्यांत उत्तर घ्यायचं. संध्याकाळी नवरा घरी येतो तेव्हा किती सुरक्षित वाटतं?

आमची हौसा म्हणाली, "पिऊन आलाय का तसाच, ते आदी सांगा."

साहेब म्हणाले, सरासरी सांगा.

"सरासरी नवरा माज्या घरी येत न्हाई ओ," हौसा म्हणाली.

* * *

मारहाण थांबवायची आमची रीत साधी. एखाद्या घरातून आवाज चढला की एकीनं वाटी घेऊन जायचं आणि विरजण मागायचं. तिच्या मागं दुसरी, तिसरी. दारात बाया उभ्या असल्या की हात सहसा उचलत नाही. उचललाच, तर आम्ही आत जाऊन बसतो आणि चहा मागतो.

संस्थेच्या तपासणी शिबिरात अशाच एका घरच्या मालकाचं बीपी चढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसली काळजी लागलीय का? त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"हीच. हिचं विरजण रोज संपतं."

बाईंनी त्याला गोळी लिहून दिली. आमचं औषध होतं तसंच चालू ठेवलं.

* * *

सरपंचांनी साहेबांना जेवायला नेलं. मीही गेले, न बोलावता जायची मला सवय आहे. सरपंच म्हणाले, संस्था यायच्या आधी गावात मारहाणीची एक तक्रार नव्हती, आता सारखी कुणी ना कुणी येतीय. म्हणजे हिंसा वाढलीच की. साहेब विचारात पडले.

मी म्हटलं, "बीपीचं मशीन यायच्या आदी गावात बीपी बी कुणाला नव्हतं. मशीन माघारी धाडायचं का?"

सरपंचांची गोळी त्याच मशीनमुळं सुरू झालेली. ते आतल्या बाजूला बघून म्हणाले, "साहेबांना भाकरी वाढा."

* * *

पाटापलीकडचं गाव साहेबांनी तुलनेचं म्हणून निवडलं. तिथं काही करायचं नाही, नुसतं मोजायचं. आमच्याकडं मारहाण कमी झाली आणि तिथं नाही, असं दिसलं की कार्यक्रम चालतो हे सिद्ध. म्हणून आम्ही तिकडं पाऊल टाकायचं नाही, तुलना बिघडते. मी विचारलं, तिथल्या बायांनी काय करायचं? साहेब म्हणाले, "त्यांनी नेहमीसारखं राहायचं."

हौसाची लेक संगीता त्याच गावात दिलेली. ती नेहमीसारखीच राहत होती. एका संध्याकाळी तिच्या शेजारणीचा हौसाला फोन आला. संस्थेची पगारी कार्यकर्ती सुनीताताई रडकुंडीला आली. आम्ही पाट ओलांडला हे साहेबांना कळलं तर खोली जाईल, तिची नोकरीही जाईल. मी तिला म्हटलं, तू काही पाहिलं नाहीस, घरी जा. टेम्पो केला आणि निघालो.

संगीताचा नवरा दारात उभा, हातात पट्टा. माझ्या हातातल्या वाटीकडं बघून म्हणाला, "पाट वलांडून विरजण मागाया आलाय व्हय?"

"आमच्या गावाचं नासलंय," म्हटलं आणि आत जाऊन बसले.

त्यानंतर आम्ही जातच राहिलो. हळूहळू तिथल्या बायाही वाट्या घेऊन निघायला लागल्या.

यंदा साहेबांनी समाजमंदिरात दोन्ही गावांसमोर निकाल वाचला. मारहाण इकडं कमी झाली आणि तिकडंही तेवढीच कमी झाली. म्हणजे कार्यक्रमानं काही फरक पडला नाही. शिफारस: खोली बंद करावी.

त्या दिवशी खोलीत एक बाई दोन लेकरं घेऊन राहिलेली होती.

मी उठले आणि पाटापलीकडचं सगळं सांगून टाकलं. सुनीताताईला यातलं काही ठाऊक नाही, हेही ठणकावून सांगितलं. साहेब नरमाईनं म्हणाले, "आक्का, खोली वाचवायला तुम्ही असं म्हणणारच. ज्याचा यात काही फायदा नाही, असं पलीकडच्या गावचं कुणी सांगेल का?"

पलीकडच्या गावचे लोक मागं बसले होते. नंतर जेवण होतं. बाया खाली बघत राहिल्या, नवरे शेजारीच होते. साहेबांनी टॅब मिटायला घेतला.

तेव्हा संगीताचा नवरा उभा राहिला.

"मी सांगतो. लिवून घ्या साहेब. ही म्हातारी टेम्पो भरून बाया घिऊन येती. वरीस झालं, मला माज्याच घरात एक फटका धड मारू दिला न्हाई हिनं."