मिटलेला डोळा

मणक्यांचे एक्स-रे वाचून वाचून बाईंच्या स्वतःच्या मानेचे बारा वाजले होते. रेडिऑलॉजिस्ट हा शब्द रुग्णालयात कोणी फारसा वापरत नसे. बाई म्हटलं की अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसणाऱ्या त्याच. सोबतचा डॉक्टर रजेवर, त्यामुळे त्याचंही काम त्यांच्याच गळ्यात. त्यात सारखा फोन. तो ठेवला की आपण कुठल्या मणक्यापर्यंत आलो होतो, ते पुन्हा आठवावं लागे.

शिकाऊ डॉक्टरांना त्या एक गोष्ट बजावत. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक मणक्यावर दोन गोल सावल्या दिसतात, डोळ्यांसारख्या. ते डोळे वरून खाली एकेक करून बघायचे. मधेच काही हाती लागलं तरी ‘सापडलं’ म्हणायचं नाही. तो शब्द तोंडातून निघाला की नजर तिथेच बस्तान मांडते.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याचे फोटो आले. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एवढंच खरडलं होतं : घरात पडले, कंबर दुखते. बाजूने काढलेल्या फोटोत कमरेचा एक मणका चेपलेला स्पष्ट दिसत होता. ‘सापडलं,’ बाई पुटपुटल्या. तेवढ्यात फोन वाजलाच. तो खांद्याने कानाशी दाबून धरत त्यांनी लिहून टाकलं : पडल्यामुळे मणका चेपला आहे, बाकी ठीक. समोरून काढलेला फोटो त्यांनी बघितला, पण वरवर.

चहा घ्यायला त्या बाहेर आल्या तेव्हा शिंपी आणि त्याची सून बाकावर बसले होते. कमरेचा नवा पट्टा ढिला होतोय अशी सुनेची कुरकुर चालली होती.

“पट्ट्याचं काय घेऊन बसलीस?” शिंपी म्हणाला. “माझ्या पँटी मीच दोनदा आत घेतल्या. आणखी घेतल्या तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतील.”

“मग जेवा की नीट. पडायच्या आधीपासून कण्हताय, रात्र रात्र बसून काढताय. आणि डॉक्टरांना सांगितलंत काय, तर पडलो.”

“पडलो नव्हतो का? तूच तर उचललंस.”

बाईंनी कप तसाच ठेवला आणि त्या परत फिरल्या. पडद्यावर समोरचा फोटो घेऊन त्यांनी वरून सुरुवात केली. चेपलेल्या मणक्याच्या वरच्या मणक्याला एकच डोळा होता. दुसऱ्या डोळ्याच्या जागी काहीच नव्हतं. पडल्याने डोळा असा नाहीसा होत नाही. काहीतरी हाड आतून खात होतं. चेपलेला मणकाही बहुधा त्यापायीच बसला असावा.

हाडांच्या डॉक्टरांना फोन लावून हे सांगितलं, तर त्यांना हसू आलं. आत्ताच तर ‘बाकी ठीक’ लिहिलंत, चष्मा बदलून घ्या, म्हणाले. शिवाय म्हाताऱ्याला उगाच घाबरवायचं कशाला, महिन्याने बोलावलंच आहे की. एरवी बाईंनी त्यांना सुनावलं असतं. आज तेवढं त्राणही नव्हतं.

“मी लिहिलं ते चुकलं,” त्या म्हणाल्या. “त्यांना घरी सोडू नका. एमआरआय आजच करायचा.”

पलीकडचं हसू थांबलं. मग ते म्हणाले, पाठवा.

शिंपी बाकाला धरून उठायच्या बेतात होता. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, उठू नका. मघाशी मी नीट बघितलं नाही. वरच्या मणक्यातही काहीतरी आहे, आणि ते पडल्याने झालेलं नाही.”

सुनेने पदर तोंडाशी धरला. शिंप्याने बाईंकडे नीट बघून घेतलं.

“म्हणजे वाईट आहे?”

“असू शकतं. आत्ता खात्रीने सांगता येत नाही.”

“आणि असाच घरी गेलो असतो तर?”

“एखाद्या दिवशी पायातली ताकद गेली असती.”

तो मान हलवत राहिला. मग सुनेला म्हणाला, घरी फोन कर, संध्याकाळी दुकान उघडू नका म्हणावं आज. स्ट्रेचर आणायला कोणी मोकळं नव्हतं. बाईच ते ढकलत घेऊन आल्या आणि त्याचं दुसरं टोक त्यांनी सुनेला धरायला सांगितलं.